समोर कोण आहे?

शनिवारी संध्याकाळी फोनवरच्या माणसानं मला एक साधा प्रश्न विचारला. मी त्याला जे सांगितलं ते खोटं नव्हतं, पण उत्तरही नव्हतं. पाच आठवडे झाले, अजून ते डोक्यातून जात नाही.

मी राहतो फिनिक्सला. जानेवारीत शेजारच्या स्कॉट्सडेलमध्ये जुन्या गाड्यांच्या लिलावांचा मोसम असतो. त्यातल्या एका कंपनीसाठी मी दरवर्षी दोन आठवडे काम करतो. पहिले काही दिवस बॅटरी आणि आरसा घेऊन गाड्यांच्या पोटात डोकं घालायचं आणि अहवाल लिहायचा. शनिवारी कोट चढवून फोनच्या टेबलावर बसायचं. ज्याला येणं जमत नाही तो फोनवर असतो, आणि त्याच्या वतीनं मी बोलीचा पुठ्ठा वर करतो. अहवाल लिहिणारा आणि पुठ्ठा वर करणारा माणूस एकच ठेवू नये असं मला वाटतं, पण माणसं कमी पडतात.

गाडी होती १९७० ची शेव्हरोले शेव्हेल एसएस ४५४, लाल, बॉनेटवर काळे पट्टे. ४५४ म्हणजे क्युबिक इंच, आपल्या हिशेबानं साधारण साडेसात लिटरचं इंजिन. मधल्या आकाराच्या गाडीत ४०० च्या वरचं इंजिन घालायचं नाही, हा जनरल मोटर्सचा घरचा नियम त्या वर्षी उठला आणि ही गाडी जन्माला आली. त्यातही दोन प्रकार होते. एलएस५ ची ताकद कागदावर ३६० अश्वशक्ती, एलएस६ ची ४५०. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, पण किमतीत जमीनअस्मानाचा फरक. आणि घोळ असा की १९७० च्या शेव्हेलच्या चॅसिस नंबरात इंजिन कोणतं ते लिहिलेलंच नाही. क्रायसलरवाल्यांनी निदान तेवढं केलं. त्यांच्या १९७० च्या हेमी कुडा या गाडीच्या नंबरात पाचवं अक्षर आर असतं, म्हणजे ४२६ क्युबिक इंचांचं हेमी इंजिन, विषय संपला. शेव्हेलला मात्र पुरावा शोधावा लागतो. कारखान्यातला बिल्ड शीटचा कागद, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं त्याची यादी, जो नशीब असेल तर पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेला सापडतो, नाहीतर इंजिनाचा प्रकार सांगणारा, इंजिनावरच ठोकलेला ठसा.

हा ठसा ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडावर, उजव्या हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) पुढच्या टोकाशी एका छोट्या सपाट पट्टीवर असतो. कारखान्यात ब्लॉकचा माथा ब्रोच नावाच्या दातेरी हत्यारानं तासला जायचा, त्याच्या केसाएवढ्या बारीक समांतर रेघा त्या पट्टीवर उमटायच्या, आणि त्या रेघांवर अक्षरं ठोकली जायची. पुढं कुणी इंजिन उघडून माथा पुन्हा तासला तर रेघाही जातात आणि अक्षरंही. म्हणून मी आधी अक्षरं वाचतच नाही. बॅटरी आडवी धरतो आणि रेघा बघतो. या लाल गाडीवर एलएस६ ची अक्षरं होती, झकास, एका ओळीत, वाचायला चष्मा लागू नये अशी. रेघ एकही नव्हती. पट्टी आरशासारखी गुळगुळीत. म्हणजे माथा तासल्यानंतर कुणीतरी निवांत बसून ठसे ठोकले होते.

मी अहवालात तसं लिहिलं. छापील माहितीत मात्र 'विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार मूळ इंजिन' असं आलं. 'म्हणण्यानुसार' या एका शब्दावर हा धंदा निम्मा उभा आहे.

फोनवरचा गृहस्थ ओहायोचा, सत्तरीचा. गुरुवारीच फोन करून त्यानं माझा अहवाल माझ्याकडून वाचून घेतला. रेघांचं ऐकल्यावर म्हणाला, "मग ती नव्वद हजारांची गाडी आहे. नव्वदच्या वर मी काहीही बोललो तरी ऐकू नकोस." मी चिठ्ठीवर लाल शाईनं ९० लिहून त्याभोवती गोल केला. त्याच गुरुवारी सकाळी अकराला, अर्धं सभागृह रिकामं असताना, एक खरी एलएस६ गेली होती. रंग उडालेला, सीट फाटलेली, पण बिल्ड शीट होतं आणि पट्टीवर रेघाही होत्या. ९८ हजार डॉलर. तिची आठवण मी त्याला करून द्यायला हवी होती का, हाही एक भुंगा आहेच.

शनिवारची संध्याकाळ वेगळी असते. कॅमेरे असतात, बीअर असते, चकचकीत गाड्या मुद्दाम त्याच वेळेला लावलेल्या असतात. एका गाडीला जेमतेम तीन मिनिटं. लिलाववाल्याचा पुकारा इतका वेगात चालतो की आकडा कानात शिरेपर्यंत पुढचा आलेला असतो. गर्दीत उभे असलेले रिंगमन बोली दिसली की हात उडवून ओरडतात. यातले काही फार चांगले असतात. काही नुसतेच नट.

चाळीसवर सुरू झाली ती पंचाहत्तरपर्यंत धावत गेली. आमचे ऐंशी. डावीकडच्या रिंगमननं हात उडवला, पंच्याऐंशी. आमचे नव्वद. पुन्हा डावीकडून पंच्याण्णव.

फोनवर श्वास ऐकू आला. मग त्यानं विचारलं, "समोर कोण आहे?"

मी डावीकडे पाहिलं. रिंगमन बोट दाखवत होता तिकडे तंबूचा खांब होता. खांबाशेजारी दोन बायका मोबाईलवर फोटो काढत होत्या. पुठ्ठा कुणाच्याच हातात नव्हता.

खांबाच्या नावावर अशी बोली पुकारणं बेकायदाच आहे असं नाही. विक्रेत्यानं ठरवलेली किमान किंमत, म्हणजे रिझर्व्ह, गाठेपर्यंत त्याच्या वतीनं बोली लावता येते, फक्त तसं आधी जाहीर केलेलं असावं लागतं. न सांगता केलं तर इथल्या व्यापारी कायद्याचं कलम २-३२८ खरेदीदाराला सौदा मोडायचा, किंवा शेवटच्या खऱ्या बोलीच्या किमतीत माल उचलायचा हक्क देतं. आमच्या नियमांच्या कागदावर ते जाहीर केलेलं आहे. बारीक अक्षरात. ओहायोच्या माणसानं त्यावर सही केली आहे.

मी म्हणालो, "बोली डावीकडून आहे."

"शंभर कर."

"तुम्ही नव्वद म्हणाला होतात."

"मी काय म्हणालो ते मला माहीत आहे. कर!"

ग्राहक फोनवर असताना तो त्या क्षणी सांगेल तेच खरं, असा आमचा नियम. चिठ्ठीला किंमत नाही. मी पुठ्ठा वर केला. एक लाख. लिलाववाल्यानं हातोडी हवेत धरून जाहीर केलं की रिझर्व्ह सुटला, गाडी आता विकायची. डावीकडचा रिंगमन पाणी प्यायला लागला. त्या बाजूनं नंतर एकही आवाज आला नाही.

इथंच संपलं असतं तर मला सगळं स्पष्ट झालं असतं. पण पहिल्या रांगेतला पांढऱ्या टोपीवाला, जो इतका वेळ शांत बसला होता, त्यानं बोट वर केलं. एकशे पाच. हा खरा, हाडामांसाचा. आमचे एकशे दहा. त्याचे पंधरा. आमचे वीस. टोपीवाल्यानं बायकोकडे पाहिलं आणि मान हलवली. हातोडी पडली. त्यावर खरेदीदाराचं दहा टक्के कमिशन, म्हणजे एक लाख बत्तीस हजार डॉलर, बिनरेघांच्या इंजिनाला.

आता टोपीवाला तसाही येणारच होता का, की आधी कुणीतरी पंच्याण्णव म्हणतंय हे ऐकून आला? माणसं गाडीची किंमत बघत नाहीत, दुसऱ्याला ती किती हवी आहे ते बघतात. २००६ च्या आसपास याच हवेत हेमी कुडाच्या उघड्या टपाच्या गाड्या वीस लाख डॉलरच्या वर गेल्या, मंदीत धाडकन आपटल्या, आणि २०१४ मध्ये सिएटलला १९७१ ची एक पस्तीस लाखांना गेली. गाड्या त्याच, पत्राही तोच.

आमचे आण्णा कोल्हापुरात शाहूपुरीला अडत्याकडे दिवाणजी होते. गुळाच्या सौद्याला मी लहानपणी त्यांच्याबरोबर जायचो. रवा, म्हणजे गुळाची ढेप, फोडून, खडा जिभेवर ठेवून व्यापारी उघड्यावर बोली लावायचे. जनावरांच्या बाजारात मात्र टॉवेलाखाली बोटं धरून भाव ठरायचा, त्याला आण्णा नावं ठेवायचे. परवा फोनवर त्यांना ही खांबाची गोष्ट सांगितली. बराच वेळ हसले. म्हणाले, "टॉवेलाखाली दोन हात तरी असायचे रे."

सोमवारी ओहायोहून फोन आला. माणूस खूश होता. गाडी ट्रकवर कधी चढणार, बंद ट्रक मिळेल का, वगैरे विचारून झालं. रेघांचा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. ठेवता ठेवता म्हणाला, "डावीकडचा तो गडी शंभराला का थांबला असेल रे? जोरात होता."

मी म्हणालो, ट्रक बुधवारी निघेल.