किलमलकेडर: छत नसलेलं चर्च

आयर्लंडमधल्या डिंगलहून निघालो तेव्हा लख्ख ऊन होतं. वीसेक मिनिटांत गाडीतून उतरलो तर पाऊस. छत्री उघडावी तर वारा ती उलटी करून हातात देतो. म्हणून आडोशाला धावलो, ते नेमकं छत नसलेल्या चर्चमध्ये!

केरी काउंटीतलं हे किलमलकेडर. 'किल' म्हणजे चर्च. पुढचं नाव एका संताचं, तो ६३६ साली वारला. आजचे अवशेष मात्र बाराव्या शतकातले. कॅशेलच्या खडकावरचं राजा कॉर्मकचं दगडी छताचं चॅपेल ११३४ मध्ये पूर्ण झालं आणि त्याचीच हौस या आडगावाने केली. अर्धगोल कमानीचा दरवाजा, आतल्या भिंतींना चिकटलेले अर्धस्तंभ, सगळं तसंच, फक्त खिशाला परवडेल एवढं.

भिंतींची टोकं दर्शनी बाजूला खांबासारखी पुढे आली आहेत. जुन्या लाकडी चर्चच्या कोपऱ्यातल्या खांबांची ही दगडातली नक्कल असावी. भाज्याच्या लेण्यातले आत कललेले खांब आठवले; लाकडाची सवय दगडात उतरते ती अशी.

पावसात मान वर करून मी बराच वेळ पाहिलं ते भिंतींच्या माथ्याकडे. छत कोसळलंय, पण त्याचे खालचे थर अजून जागेवर आहेत. प्रत्येक थर खालच्यापेक्षा बोटभर आत सरकवलेला. दोन्ही भिंती अशा सरकत वर एकमेकींना भेटायच्या. लांबट इमारतीत असं छत मधोमध खचू लागतं. जवळच्या गॅलरसच्या प्रार्थनागृहाचं छत उभं आहे, तरी मध्ये किंचित बसलेलं दिसतं. इथे ते बसून थांबलं नाही. छत शाबूत असतं तर मला हे थर इतके उघडे दिसले नसते, हेही खरं.

आत एका दगडावर लॅटिन मुळाक्षरं कोरली आहेत. पूर्वेच्या अरुंद खिडकीला 'सुईचं नेढं' म्हणतात; तिच्यातून पार झालात की स्वर्ग पक्का. मी पोटाकडे पाहिलं आणि बाहेर पडलो.

अंगणात पुरुषभर उंचीचा ओगम दगड आहे. त्याच्या कडेवर ओगम ही रेघांची जुनी आयरिश लिपी, खालून वर वाचायची आणि माथ्याशी एक आरपार भोक. त्यातून बोटाला बोट लावून म्हणे करार पक्के होत. बायकोने टाचा उंचावून पलीकडून गारठलेलं बोट घातलं. म्हणाली, "पुढच्या वेळी रेनकोट आणेन, म्हण."