आजी, बकासुर आणि एकडोळ्या राक्षस

सांगलीत पावसाची झड लागली की घरात एकच विषय असतो, आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं. तशाच एका संध्याकाळी लाईट गेली आणि मी मोबाईलवर फ्रेंच दिग्दर्शक जॉर्ज मेलिएसची 1905 ची मूक फिल्म लावली, जेमतेम तीनचार मिनिटांची, ग्रीक पुराणातली. आजी भडंगाची वाटी घेऊन शेजारी येऊन बसली.

ग्रीक वीर युलिसिस कॅलिप्सो नावाच्या अप्सरेच्या बेटावर येतो, अप्सरा नाचतात, आणि मग गुहेच्या तोंडातून एक अवाढव्य हात बाहेर येतो, नुसता हात, चाचपडत. मागोमाग गुहेच्या तोंडाएवढं डोकं, कपाळात एकच डोळा. युलिसिस भाला घालतो त्यात. आजी म्हणाली, "अगं, हा बकासुरच की!"

मला लई भारी वाटलं ते. कारण होमरच्या 'ओडिसी' या मूळ महाकाव्यात पॉलिफीमस, म्हणजे हा एकडोळ्या राक्षस, आणि कॅलिप्सो या पार वेगळ्या गोष्टी आहेत, वेगळ्या बेटांवरच्या, मेलिएसने दोन्ही एकाच पडद्यापुढं आणून ठेवल्यात आणि तरी काही अडत नाही, गोष्ट आधीपासून माहीत असलेल्या माणसाला ती सगळी सांगावी लागतच नाही, त्याला फक्त तो हात दाखवायचा. आपल्याकडं हे नवीन नाही. याच सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर हे नाटक उभं केलं, तेव्हा समोर बसलेल्यांना धनुष्य कोण मोडणार हे काय माहीत नव्हतं? लोक आले ते बघायला, राक्षसांचा धिंगाणा बघायला. आणि 1919 च्या कालियामर्दनमध्ये फाळक्यांची छोटी मंदाकिनी कृष्ण झाली तेव्हाही तसंच.

मेलिएस मुळात स्टेजवरचा जादूगार. कॅमेरा थांबवायचा, माणूस बदलायचा, परत सुरू करायचा, एवढ्यावर त्याने देव प्रकट केले. 1898 च्या पिग्मॅलियनमध्ये पुतळा जिवंत होतो, शिल्पकार मिठी मारायला जातो तर ती हातातून निसटते, एका क्षणी तर वरचं अर्धं अंग वेगळं होतं! सगळी फिल्म मिनिटभराची.

वाईट याचं वाटतं की 1923 मध्ये त्याने स्वतःच्या हाताने निगेटिव्ह जाळल्या. पाचशेच्या वर फिल्म केलेल्या माणसाने. आज जे दिसतंय ते जगभर विकल्या गेलेल्या प्रिंटमधनं उरलेलं, आणि आपल्या राजा हरिश्चंद्रच्या चार रिळांतलीसुद्धा पहिली आणि शेवटचीच हाताला लागली. बाकी गेलं ते गेलंच.

आता आजीला 1911 ची ट्रॉयवरची इटालियन फिल्म दाखवायचीय, अर्ध्या तासाची. पण त्याआधी गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर मजा काय. काल जेवताना सुरू केली, तर ज्या राणीपायी ट्रॉयचं युद्ध झालं त्या हेलनपाशीच थांबवलं तिनं, "पळवली म्हणजे सीतेसारखी, का आपण होऊन गेली?" यावर तासभर गेला. लाकडी घोडा अजून लांब आहे.