एकच एचटीटीपी क्लायंट, सर्व्हरवर आणि ब्राउझरमध्ये: माझा अनुभव

सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये आवृत्ती १८ पासून फेच (एचटीटीपी रिक्वेस्ट पाठवणारं फंक्शन) आयताच मिळतो, त्यामुळे सर्व्हर-रेंडर्ड ॲपसाठी (ज्याचं पान आधी सर्व्हरवर तयार होतं) मी वेगळी लायब्ररी न घेता फेचवरच एक छोटं रॅपर, म्हणजे आवरण, लिहिलं. नाव एकच असलं तरी फेच दोन्हीकडे सारखा वागत नाही, आणि सगळं काम त्या फरकांतच आहे.

आधी पत्ता. स्लॅशने सुरू होणारा अर्धवट यूआरएल ब्राउझर पानाच्या ओरिजिनला (प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट) जोडून घेतो. नोडकडे पानच नसतं, तो टाइपएरर फेकतो. म्हणून बेस यूआरएल दोन ठेवले: ब्राउझरसाठी रिकामा, सर्व्हरसाठी आतल्या नेटवर्कवरचा. डॉकरमध्ये (प्रत्येक ॲप वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) तिथे लोकलहोस्ट लिहू नका. कंटेनरच्या लेखी लोकलहोस्ट म्हणजे तो स्वतः. डॉकरच्या कंपोज फाइलमधलं (जिथे सगळे कंटेनर नोंदवतात) सर्व्हिसचं नाव द्या. कंटेनर नसला तरी नोड १७ ते १९ मध्ये लोकलहोस्टचा आयपीव्ही६ पत्ता आधी येऊ शकतो, आणि एपीआय (डेटा देणारी बॅकएंड सेवा) फक्त १२७.०.०.१ वर ऐकत असेल तर कनेक्शन नाकारलं जातं.

खरी मेख कुकीत (युजरची ओळख सांगणारी छोटी नोंद) आहे. ब्राउझर ती आपणहून जोडतो. सर्व्हरवर मात्र आलेल्या रिक्वेस्टमधून उचलून पुढे द्यावी लागते. त्यासाठी कुकीतलं लॉगिन टोकन ग्लोबल क्लायंटच्या डिफॉल्ट हेडरमध्ये ठेवणं हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत घातक मार्ग. नोडमध्ये मॉड्यूल एकदाच लोड होतं आणि सगळ्या युजर्सच्या रिक्वेस्ट तेच वापरतात. एकाचं अवेट (उत्तराची वाट पाहणं) सुरू असताना दुसऱ्याने हेडर बदलला, की एकाच्या पानावर दुसऱ्याच्या ऑर्डर्स. आपल्या लॅपटॉपवर हे कधीच दिसत नाही, कारण तिथे युजर एकच. म्हणून मी क्लायंट एक्स्पोर्ट करत नाही, तो बनवणारं फंक्शन करतो, आणि ते दर रिक्वेस्टला नव्याने बोलावतो. तपासायचं असेल तर एपीआयमध्ये २ सेकंदांचा मुद्दाम उशीर घाला आणि दोन वेगळ्या लॉगिननी एकदम पान उघडा.

सगळे हेडर घाऊक पुढे ढकलू नयेत. होस्ट गेला तर रिव्हर्स प्रॉक्सी (एपीआयसमोर बसून रिक्वेस्ट वाटणारा सर्व्हर) भलतीच साइट निवडतो, कंटेंट-लेंथ जुन्याच बॉडीचं माप सांगतो. मी कुकी, ॲक्सेप्ट-लँग्वेज आणि रिक्वेस्ट-आयडी एवढेच पाठवतो. कुकी तर फक्त स्वतःच्या एपीआयला.

उलट दिशाही आहे. एपीआयने दिलेली सेट-कुकी (ब्राउझरला कुकी साठवायला सांगणारा हेडर) सर्व्हरपाशीच थांबते, ती आपल्या रिस्पॉन्सवर हाताने चढवावी लागते. हेडर्सच्या साध्या गेट मेथडने वाचली तर अनेक कुकी स्वल्पविरामाने जोडून येतात, आणि एक्स्पायर्सच्या तारखेतही स्वल्पविराम असतोच, तोडणार कुठे? गेटसेटकुकी वापरा, ती सरळ ॲरे देते. स्ट्रीमिंग (पान तुकड्यातुकड्याने पाठवणं) असेल तर टोकन रिफ्रेश (जुन्याच्या जागी नवं टोकन घेणं) पहिला बाइट जाण्याआधीच उरका, कारण हेडर एकदा गेले की कुकी बसवता येत नाही.

फेच ४०४ किंवा ५०० वर एरर फेकत नाही, रिस्पॉन्सचं ओके स्वतः तपासा. नोडमध्ये रिस्पॉन्सच्या हेडरची वाट डिफॉल्टने ३०० सेकंद पाहिली जाते. तोवर युजरसमोर कोरं पान. सर्व्हरवर मी ॲबॉर्टसिग्नलने ३ सेकंदांची मर्यादा घालतो. रीट्राय एकदाच, तोही फक्त गेट (डेटा नुसता वाचणाऱ्या) रिक्वेस्टला. पोस्टला केला तर ऑर्डर दोनदा पडू शकते.

आणलेला डेटा एचटीएमएलमध्येच पाठवला नाही तर ब्राउझर हायड्रेशनवेळी (सर्व्हरने दिलेल्या पानाला जावास्क्रिप्ट जोडताना) तोच पुन्हा मागतो. तो डेटा जेसन स्वरूपात स्क्रिप्ट टॅगमध्ये घालताना प्रत्येक < चिन्ह युनिकोड एस्केपमध्ये बदला, नाहीतर कुणी कमेंटमध्ये स्क्रिप्टचा क्लोजिंग टॅग लिहिला की पुढचा मजकूर एचटीएमएल म्हणून चालतो. आणि कुकी वापरून बनलेल्या पानावर कॅश-कंट्रोल प्रायव्हेट हवंच, नाहीतर मधला सीडीएन (पानांच्या प्रती साठवून देणारं सर्व्हरचं जाळं) ते दुसऱ्या युजरला देऊ शकतो.