गधेगाळ पाहायला निघालात? मग सकाळी लवकर पोचू नका

गधेगाळ म्हणजे दानाचा मजकूर आणि ते मोडणाऱ्याला शाप म्हणून तळाशी गाढव कोरलेला जुना दगड. ‘कोवळ्या उन्हात जा’ हा सल्ला शिलालेखांच्या बाबतीत ज्याने पसरवला, त्याने शिलालेख वाचायचा प्रयत्न कधी केलेला नसावा. दगडाचं तोंड पूर्वेला असेल तर सकाळचं ऊन समोरून पडतं, खाचांमध्ये सावली उरत नाही आणि आठशे वर्षं झिजलेलं अक्षर चक्क दिसेनासं होतं. पहाटे उठून, बोट पकडून, रिक्षावाल्याशी हुज्जत घालून गेल्यावर समोर नुसता करडा दगड. तळाच्या गाढवाचे कान तेवढे कळतात.

गाढव म्हटल्यावर अनेकांचा भलताच समज होतो, तो आधी दूर करू. खजुराहोच्या लक्ष्मण मंदिराच्या जोत्यावर (इ.स. ९५४) घोडीशी संभोग करणारा पुरुष कोरलाय आणि शेजारची व्यक्ती तोंड झाकून घेते. त्या जातीचं काही बघायला मिळेल म्हणून कोकणात याल तर निराश व्हाल. गधेगाळावरचं शिल्प हातभर जागेत, ओबडधोबड, बहुतेक वेळा अर्धं मातीत गेलेलं असतं. ते शृंगारशिल्प नाही, कुठल्या पंथाचा विधी नाही, आणि असलं काही तेव्हा सर्रास चालायचं याचा पुरावा तर अजिबात नाही. ते दानपत्राचं शेवटचं कलम आहे. वर चंद्र-सूर्य, बऱ्याचदा मधे कलश: चंद्रसूर्य असेतो हे दान टिकावं. मधे मजकूर: कोणी, कोणाला, काय दिलं. तळाशी स्त्रीवर चढलेलं गाढव: हे दान मोडणाऱ्याच्या आईची अशी गत होवो. कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहारांच्या परळच्या लेखात (शके ११०८) हेच अक्षरांत आहे, ‘तेहाची माय गाढवे झविजे’. राजा अपरादित्य. राजशासनात असली भाषा कशी, म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी घरीच बसावं.

ताम्रपटांतला शाप संस्कृतात आणि सभ्य असतो: दिलेली जमीन हिरावणारा साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होतो. पण तो ताम्रपट पेटीत, वाचणारे चार जण. शिवेवर उभा केलेला दगड निरक्षराला कळायला हवा, म्हणून चित्र. आणि खरी गंमत कायद्यात आहे. पशूशी संभोग करणाऱ्याला कौटिल्य फक्त १२ पण (तेव्हाचं नाणं) दंड सांगतो आणि देवाच्या मूर्तीशी तसं वागणाऱ्याला त्याच्या दुप्पट. मनुस्मृतीत प्रायश्चित्तावर भागतं. तिकडे आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन हित्ती लोकांच्या कायद्यात गाय, मेंढी, डुक्कर, कुत्रा यांच्यासाठी मृत्युदंड. घोडा किंवा खेचर असेल तर शिक्षा नाही, मात्र त्या माणसाने राजासमोर जायचं नाही आणि पुरोहित व्हायचं नाही. म्हणजे आपल्याकडे पुरुषाने केलं तर किरकोळ दंडावर सुटणारी गोष्ट, पण दुसऱ्याच्या आईवर लादली की दगडावर कोरण्याइतकी भयंकर. जमीन बळकावणार मुलगा आणि शिक्षा त्याच्या आईला. हे डोक्यात ठेवून दगडापुढे उभे राहा, हसू येणार नाही.

दुसरा अर्थ लावणारेही आहेत: बाई म्हणजे भूमी, गाढव म्हणजे नापिकी. त्याला आधार आहे. ओडिशातल्या हाथीगुंफा लेखात कलिंगचा राजा खारवेल याने पिथुंड गाव गाढवाच्या नांगराने नांगरल्याचं लिहिलंय, आणि १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवला तो प्रसंग तर शाळेपासून माहीत असतो. पण परळच्या लेखात ‘माय’ इतकं स्पष्ट असताना प्रतीकं शोधत बसणं मला पटत नाही.

आता वाट.

आक्षी-नागाव सोपं आहे, म्हणून थोडक्यात. गेटवेहून मांडव्याला बोट, तिथून बसने अलिबाग. काही बोटींच्या तिकिटातच ही बस येते, विचारून घ्या. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो. अलिबागहून रेवदंड्याच्या एसटीने आधी आक्षी, मग नागाव. स्पेशल रिक्षा करू नका, या रस्त्याला एसटी आणि सहा आसनी असताना ते पैसे पाण्यात. आक्षीच्या लेखात केशीदेवरायाचा प्रधान भइर्जु सेणुई याने महालक्ष्मीच्या बोडणासाठी दिलेल्या धान्याची नोंद आहे. ‘मराठीतला पहिला शिलालेख, १०१२’ हे सगळे छातीठोकपणे सांगतात. तो आकडा शके ९३४ या वाचनावर उभा आहे. जुन्या मराठी लेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांचं वाचन शके ११३२, म्हणजे १२१० च्या सुमाराचं. दोन्ही वाचनं जवळ ठेवून आकडे स्वतः बघा. आक्षीलाच यादव रामचंद्राच्या काळातला शके १२१३ चा दुसरा लेख आहे, तो न बघताच लोक किनाऱ्यावर पळतात. नागावला भीमेश्वर मंदिराजवळचा हंबीररावाचा लेख हिजरी ७६९ आणि शके १२८९ अशा दोन कालगणनांनी सुरू होतो. कालगणना बदलत होती, गाढव तेच राहिलं. नागावची वाडी, जेवण, समुद्र सगळं छान. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

खरा छळ चौधरपाड्याचा. कल्याणहून गांधारी पूल ओलांडून बापगाव-पडघा रस्त्याला लागायचं. अंतर फार नाही, पण हा पट्टा आता गोदामांचा आहे. कंटेनर, धूळ, खड्डे, आणि कडेने चालायला जागा नाही. दुचाकीने जाणार असाल तर डोळ्यांना गॉगल आणि नाकाला फडकं हवंच. पायी जायचा विचार सोडून द्या. रिक्षाचं दुखणं वेगळं. ‘गधेगाळ’ म्हटलं की स्टँडवर कोणाला कळत नाही, ‘लोनाड’ म्हटलं की सरळ लेण्यांच्या डोंगराशी नेऊन सोडतात आणि ‘आता पाड्यात जायचे वेगळे’ म्हणून दुसऱ्यांदा पैसे मागतात. लेणी, लोनाड गावातलं पडकं शिवमंदिर आणि चौधरपाड्याचा दगड ही तीन वेगळी ठिकाणं आहेत. तेव्हा बसण्याआधी तिन्ही नावं घ्या, थांबायचा वेळ धरून जाऊन-येऊन एकच रक्कम ठरवा आणि निम्मी परतल्यावर द्या. एकेरी भाडं स्वस्त वाटतं, पण परतीला रिकामी रिक्षा मिळत नाही आणि मग समोरचा म्हणेल तो आकडा. गावात पोचल्यावर ‘अक्षरं कोरलेला दगड’ असं विचारा. बायकांना गाढवाबद्दल विचारून अवघडून टाकू नका.

एवढं करून पोचलात तर मात्र सोनं आहे. शके ११६१ (इ.स. १२३९-४०), केशीदेव दुसरा, सोमन कवीला ब्रह्मपुरीचं दान. राजा, वर्ष, दान घेणारा, सगळं एका दगडावर. आक्षीचं शके ११३२ हे वाचन पटायला हाच दगड मदत करतो, कारण त्या काळात गादीवर केशीदेव होता हे इथून दिसतं. फक्त एकच गधेगाळ बघायचा असेल तर हा बघा, आक्षी नव्हे.

उन्हाचं गणित असं. आधी होकायंत्राने दगडाचं तोंड पाहा. तोंड पूर्वेला असेल तर साडेअकरा ते साडेबारा, पश्चिमेला असेल तर पाऊण ते पावणेदोन. मुंबई परिसरात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, ऋतूप्रमाणे साडेबाराच्या आगेमागे, म्हणून या वेळा विचित्र वाटतात. दक्षिणमुखी दगडाला सकाळ-संध्याकाळ बरी. उत्तरमुखी दगडावर हिवाळ्यात ऊन पडतच नाही. तिथे फूट-दीड फुटाचा आरसा न्या, एकाने दहा-पंधरा फुटांवर उन्हात उभं राहून झोत बाजूने टाकायचा.

वरून येणाऱ्या उजेडात शिरोरेघा उठून दिसतात पण काने आणि उभे दंड बुडतात, आणि ‘राम’चा ‘रम’ वाचला जातो. म्हणून बाजूचा उजेडही हवाच. काळी छत्री किंवा चादर धरून दगडावर सावली करा, मोबाइल तिपाईवर पक्का बसवा, एक्स्पोजर लॉक करा, फ्लॅश बंद. टॉर्च दगडाच्या पृष्ठभागाशी १० ते १५ अंशांत, हातभर अंतरावरून: डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून, असे चार फोटो. मोबाइल हलला तर चारही फुकट, कारण मग ते एकमेकांवर ठेवून ताडता येत नाहीत. शेजारी मोजपट्टी ठेवा. खडू, पीठ, तेल, तारेचा ब्रश, आम्ल यांतलं काहीही लावू नका. खडूने आपण ‘वाचलेलं’ अक्षर पुढच्या माणसाच्या माथी बसतं, आणि तेलावर धूळ बसून खाच भरते. ठसा घ्यायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी काढा. शेंदूर फासलेला असेल तर खरवडायला जाऊ नका. गावासाठी तो देव असतो, आणि शेंदराच्या जाड पुटाबरोबर दगडाची कपचीही निघते. पूजेला असलेल्या दगडापुढे पायताण काढून, विचारून मगच छत्री उघडा.

चंद्र-सूर्य दिसले की गधेगाळ, असंही नाही. ते वीरगळावर (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेवर) असतात आणि बांगड्या घातलेल्या हाताच्या सतीशिळेवरही. निकाल तळाच्या चौकटीवर लागतो, आणि नेमकी तीच सिमेंटच्या ओट्यात गाडलेली सापडते. उकरू नका. त्याऐवजी मजकुराच्या शेवटच्या दोन ओळींचे फोटो जास्त घ्या, शाप तिथेच असतो.

वर्ष काढताना शकात ७८ मिळवा. महिना माघ-फाल्गुनासारखा इंग्रजी वर्ष उलटल्यानंतरचा असेल तर ७९.

कल्याणची धूळ सोसायची तयारी नसेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला गधेगाळ बघून या. तिथेही टॉर्च लावण्याआधी रक्षकाला विचारा.