बूस्ट आठच पीएसआय, बास

शनिवार, रात्री उशिरा

आज वही घेऊन बसलो आणि टर्बोचं (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबतो तो) गणित एकदाचं कागदावर उतरवलं. गाडी जुनी मसल कार, इंजिन शेवरलेचं 350 स्मॉल ब्लॉक म्हणजे 5.7 लिटर, आणि चालवायची रस्त्यावर. हे शेवटचं पानाच्या वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, कारण टर्बोचे कॅटलॉग चाळायला घेतले की डोकं फिरतं, 500 हॉर्सपॉवर ठरवून बसलेला माणूस अर्ध्या तासात 800 च्या गप्पा मारायला लागतो.

ढोबळ हिशोब असा, मिनिटाला 1 पाउंड हवा म्हणजे 10 हॉर्सपॉवर, म्हणजे 500 ला 50 पाउंड हवा लागणार. हे इंजिन 5500 आरपीएमला सिलेंडर 85 टक्के भरतात असं धरलं तर स्वतःच्या दमावर 36 पाउंड ओढतं. त्यावर आठ पीएसआय (चौरस इंचाला पाउंड) बूस्ट, म्हणजे टर्बोने चढवलेला जादा दाब, धरला की बाहेरच्या हवेच्या दीडपट दाब, पण हवा दाबली की तापते, तापली की विरळ होते, इंटरकूलर (ती हवा गार करणारा रेडिएटर) लावला तरी थोडी मार खातेच, तेवढं वजा करून आकडा बरोब्बर 50 च्या आसपास येतो. बसलं की! मग मोठा टर्बो कशाला? सिग्नलवरून निघाल्यावर 4000 आरपीएमपर्यंत नुसती वाट बघायला लावणारा टर्बो रस्त्यावर काय कामाचा.

वेस्टगेटची, म्हणजे बूस्ट ठरलेल्या दाबाला पोचला की जादा एक्झॉस्ट टर्बोच्या बाजूने सोडून देणाऱ्या झडपेची, स्प्रिंगच आठ पीएसआयची घेणार. कंट्रोलर लावून बूस्ट स्प्रिंगच्या वर नेता येतो, खाली आणता येत नाही, आणि म्हणूनच कंट्रोलर घेणारच नाही, डॅशबोर्डवर नॉब दिसला की हात शिवशिवतात.

पिस्टन फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, जास्त मजबूत), कॉम्प्रेशन (पिस्टन सिलेंडरमधलं मिश्रण किती पट दाबतो ते) 9 च्या आसपास. 1962 च्या ओल्ड्समोबिल जेटफायरला टर्बो होता आणि कॉम्प्रेशन 10.25, मग नॉक (सिलेंडरमधलं मिश्रण आपोआप भडकणं) होऊ नये म्हणून पाणी-मेथॅनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून सोडायचे, आणि लोक ती टाकी भरायचीच नाहीत. मी पण भरणार नाही, स्वतःला ओळखतो, त्यामुळे टाकीच नको.

पिस्टनच्या रिंगचा गॅप (तिच्या दोन टोकांमधली फट) मात्र स्वतः बघणार, दुसऱ्या कुणावर सोडणार नाही. 4 इंच बोअरला (सिलेंडरचा व्यास) इंचामागे 6 थाऊ (इंचाचा हजारावा भाग) म्हणजे 24 थाऊ, साध्या इंजिनला 16 चालतात. बूस्टमध्ये रिंग जास्त तापते, फुगते, तिची दोन टोकं एकमेकांना भिडली की जायला जागा नाही, मग पिस्टनची वरची कडाच उचकटून निघते. म्हणजे रिंग बोअरमध्ये सरळ बसवायची, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायचा, जरा घासायची, परत घालायची, आठही सिलेंडरला. कंटाळवाणं आहे पण टाळायचं नाही.

इंजेक्टर (इंधन फवारतात ते) तासाला 50 पाउंडाचे. हिशोब 49 वर आला, तोही इंजेक्टर 80 टक्केच चालवायचे असं धरून. इंधनाचा पंप त्याला साजेसा. कार्ब्युरेटरमधून बूस्ट ढकलायचा विचार होता पण नको, ट्यूनिंगला इंजेक्शनच बरं.

अडलंय कुठे तर ऑइल ड्रेनवर, सगळ्यात स्वस्त पाइप आणि सगळ्यात जास्त डोकेदुखी. टर्बोतून ऑइल फेसाळून बाहेर येतं, दाब काहीच उरलेला नसतो, ते फक्त उताराने खाली जातं, आणि सम्पमध्ये (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) शिरतं ती जागा ऑइलच्या लेव्हलच्या वर हवी. मध्ये कुठे तुंबलं की ऑइल सीलमधून एक्झॉस्टला जातं, गाडी निळा धूर सोडते आणि लोक बिचाऱ्या टर्बोला शिव्या घालतात. मला टर्बो खाली, अल्टरनेटरच्या बाजूला लपवायचा होता, दिसायला छान, पण तिथून सम्पपर्यंत उतारच मिळत नाहीये. उद्या पुठ्ठ्याचा टर्बो करून जागेवर ठेवून बघतो, नाहीच जमलं तर चार इंच वर घेणार, मग बॉनेटला भोक पाडावं लागलं तरी बेहत्तर.