गोळी घेतली की नाही, हे डेटाला कोण सांगणार?

मी मूळची फार्मसीची. कुणाची औषधांची यादी हातात आली की डोस बघायचा, कुठलं औषध कशाबरोबर चालत नाही ते बघायचं, किडनीचे रिपोर्ट बघायचे, हा माझा ठरलेला क्रम. औषधांचा वापर सुधारण्यासाठी संशोधन कसं करायचं, हे शिकवणाऱ्या एका प्रशिक्षणात मी सध्या आहे आणि तिथे हा क्रम पुरत नाही. आमच्या गटात एक संख्याशास्त्राचा मुलगा आहे, एक सिस्टर, समाजशास्त्र शिकलेली एक मैत्रीण, आणि कित्येक वर्षं रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे एक काका. काका पाहुणे म्हणून येत नाहीत, ते गटाचे सदस्य आहेत.

मध्यंतरी आम्ही सरावासाठी दुकानातून गोळ्या नेल्याच्या नोंदी घेऊन बसलो होतो. 30 गोळ्या, रोज एक, म्हणजे 30 दिवसांची सोय. पुढची खरेदी 52 दिवसांनी, म्हणजे मधले 22 दिवस गोळीविना. एकूण दिवसांपैकी 80 टक्क्यांहून कमी दिवस गोळ्या हाताशी असतील, तर तो पेशंट ‘अनियमित’. ही रीत जगभर वापरतात. कोड चालला, तक्ता तयार झाला.

सिस्टरांनी तक्ता बघितला आणि विचारलं, “या मधल्या दिवसांत पेशंट ॲडमिट होता का?”

वॉर्डात दिलेली औषधं दुकानाच्या नोंदीत येतच नाहीत. ॲडमिशनच्या तारखा जोडून पाहिल्या, तर बरेच ‘अनियमित’ पेशंट त्या काळात हॉस्पिटलमध्ये होते आणि सिस्टरांच्या हातून वेळेवर गोळ्या घेत होते. म्हणजे जे जास्त आजारी, त्यांच्यावरच गोळ्या चुकवल्याचा शिक्का. तसंच पुढे गेलो असतो, तर ‘गोळ्या चुकवणारे जास्त वेळा ॲडमिट होतात’ असा निष्कर्ष निघाला असता, आणि तो आमच्याच हिशेबातून जन्मलेला असता.

मग काका म्हणाले, “मला चक्कर यायची म्हणून डॉक्टरांनी अर्धीच घ्यायला सांगितलं होतं. तोंडी. चिठ्ठीवर एकच होती.” त्यांच्या 30 गोळ्या 60 दिवस पुरायच्या. आमच्या तक्त्यात असा माणूस निम्मे दिवस गोळी बुडवणारा ठरतो.

दीर्घकालीन आजारांत विकसित देशांतसुद्धा सरासरी निम्मेच लोक औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2003मध्ये म्हटलं होतं. प्रश्न मोठा आहे यात शंका नाही. पण नियमितपणाचा अर्थ लावताना फार जपावं लागतं. 1980मध्ये प्रसिद्ध झालेलं कोरोनरी ड्रग प्रोजेक्टचं, म्हणजे हृदयविकाराच्या पेशंटवरच्या एका मोठ्या औषध-चाचणीचं, विश्लेषण मी आता प्रत्येक नवीन सहकाऱ्याला वाचायला देते. त्यात नुसता प्लॅसिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, घेणाऱ्यांपैकी जे नियमित होते, त्यांच्यात 5 वर्षांत 15.1 टक्के मृत्यू झाले. प्लॅसिबोच, पण अनियमित घेणाऱ्यांत सुमारे 28 टक्के. त्या गोळीत औषध नव्हतंच! नियमित गोळ्या घेणारा माणूस इतरही बाबतींत वेगळा असतो, आणि तो कसा वेगळा असतो हे एकट्या फार्मसीच्या किंवा एकट्या संख्याशास्त्राच्या पुस्तकातून कळत नाही.

औषधावर औषध चढत जातं, तिथेही हेच. ॲम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीने काहींचे पाय सुजतात, मग लघवी वाढवणारी गोळी सुरू होते. ही सूज अंगात पाणी साठल्याची नसते, त्यामुळे त्या गोळीने ती फारशी उतरत नाही. उलट पोटॅशियम कमी होऊ शकतं. मला ही जोडी यादीत लगेच दिसते. ती किती जणांत घडते, कुठली गोळी आधी आली, हे मोजणं संख्याशास्त्राच्या मुलाचं काम. आणि ती वर्षानुवर्षं थांबत का नाही, हे मैत्रीण डॉक्टरांशी बोलून शोधते आहे. दुसऱ्याने सुरू केलेलं औषध बंद करायला कुणी सहसा धजावत नाही, असं तिला पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतं.

पाच विषयांच्या तज्ज्ञांची पाठोपाठ व्याख्यानं ठेवली की आंतरशाखीय प्रशिक्षण झालं, असं मला अजिबात वाटत नाही. एकाच यादीवर सगळ्यांनी मिळून डोकं घालायला हवं, तेही प्रश्न ठरवायच्या आधी. आणि काकांसारख्यांना त्या वेळेचं मानधन इतर प्रशिक्षकांइतकंच मिळायला हवं.

आमचं विश्लेषण आता नव्याने चाललंय. ॲडमिट असलेले दिवस हिशेबातून वेगळे काढले आहेत. तोंडी बदललेला डोस मात्र कुठल्याच नोंदीत सापडत नाही, म्हणून काही पेशंटना थेट विचारायचं ठरलंय. ती प्रश्नावली काका आणि सिस्टर मिळून लिहीत आहेत.