फ्लोरिडाची अर्धवट मोजणी आणि मामांचं म्हणणं

बुश विरुद्ध गोर या केसचा विषय आमच्या बार रूममध्ये निघाला की अजून दोन तट पडतात. २००० सालची केस, तिकडं अमेरिकेतली, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतली फेरमोजणी कोर्टानं थांबवली ती, आमच्यापैकी कुणाचा त्यात एक रुपयाचा संबंध नाही, आणि तरी चहा गार होईपर्यंत वाद. आणि हे फक्त वकिलांत नाही बरं का. आमचे मामा साखर कारखान्यात अकौंट्सला होते, आता रिटायर आहेत, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, त्यांच्याशी तर माझं यावरनं दरवेळी वाजतं. त्यांचं एकच, "अगं, कोर्टानं सांगितलं न्हवं? मग संपलं की. कुणीतरी शेवटचा शब्द बोलायलाच पाहिजे, न्हाईतर देश चालायचा कसा?"

मामांचं म्हणणं सोपं वाटतं म्हणून सोडून देण्यासारखं नाही, त्यात दम आहे. पण मला ते पटत नाही आणि का पटत नाही ते आज सविस्तर लिहिते.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ७ नोव्हेंबर २००० ला राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झालं, रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश विरुद्ध डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर. तिकडं राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या एकूण मतांवर ठरत नाही, राज्यवार इलेक्टोरल मतं असतात, आणि सगळं येऊन अडकलं फ्लोरिडाच्या २५ मतांवर. फ्लोरिडात जवळजवळ ६० लाख मतं पडली आणि पहिल्या मोजणीत बुश फक्त १,७८४ मतांनी पुढं. फरक इतका कमी असला की तिथल्या कायद्यानंच मशीनवर फेरमोजणी होते, ती झाली, लीड अजून खाली आलं. शेवटी अधिकृत जाहीर झालेला आकडा ५३७. साठ लाखांत ५३७! आमच्याकडं एखाद्या मोठ्या गावच्या सरपंचाला यापेक्षा जास्त लीड असतं.

आता ही मतं कशी होती ते बघा, कारण सगळी गोम तिथं आहे. बऱ्याच काऊंटीत (काऊंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) पंच कार्ड होतं, टोकदार काडीनं कार्डावरचा छोटा चौकोन ढकलून भोक पाडायचं. तो चौकोन पूर्ण पडला तर मशीन मत वाचतं, एका कोपऱ्याला लोंबकळत राहिला किंवा नुसता खड्डा पडला तर मशीनच्या लेखी मत कोरं. त्या काळातला एक फोटो तुम्ही पाहिला असेल, ब्रोवर्ड काऊंटीतला एक जज चष्मा कपाळावर सरकवून भिंगातनं कार्ड बघतोय, डोळे हे मोठ्ठे झालेले.

तो फोटो बघून अमेरिकेतले लोक हसले असतील, मला हसू आलं नाही कारण मी ते टेबल जवळनं बघितलंय. सहकारी संस्थांच्या मोजणीला आमच्याकडं मतपत्रिका असतात, शिक्का असतो, आणि उमेदवाराची प्रतिनिधी म्हणून मी बसलेली आहे. मतपत्रिका उलगडली की बरोब्बर दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर शिक्का! अधिकारी ती दोन बोटांत धरून ट्यूबलाइटकडं करतो, दोन्हीकडचे प्रतिनिधी टेबलावर वाकतात, कुणीतरी म्हणतं घडी घातल्यावर शाई पलीकडं उमटलीय साहेब, मूळ शिक्का वरच्या खान्यात आहे, समोरचा म्हणतो बाद करा. मग शाई कुठं गडद कुठं फिकी, घडी कशी पडली, शिक्क्यातला बाण कुणीकडं वळलाय हे सगळं बघून निर्णय होतो. वेळ लागतो, आवाज चढतात, पण होतो. आणि ज्याच्या विरोधात जातं तो कुरकुरत का होईना पुढच्या गठ्ठ्याकडं वळतो, कारण त्यानं स्वतःच्या डोळ्यानं बघितलेलं असतं.

फ्लोरिडात हेच व्हायचं होतं. ८ डिसेंबरला फ्लोरिडाच्या सुप्रीम कोर्टानं ४ विरुद्ध ३ नं सांगितलं, मशीननं कोरी म्हणून टाकलेली मतं राज्यभर हातानं मोजा. ९ तारखेला सकाळी मोजायला बसले आणि दुपारी वॉशिंग्टनच्या, म्हणजे देशाच्या सुप्रीम कोर्टाचा स्टे आला, ५ विरुद्ध ४. मोजणी जिथल्या तिथं बंद. ११ ला युक्तिवाद, १२ च्या रात्री दहाच्या सुमारास निकाल. निकालात काय, तर प्रत्येक काऊंटीत मत ओळखायचा निकष वेगळा आहे, हे समान संरक्षणाच्या, म्हणजे कायद्यानं सगळ्यांना सारखं वागवायच्या तत्त्वात बसत नाही. हा मुद्दा मला स्वतःला बरोबर वाटतो, सात न्यायाधीशांनाही तिथं अडचण दिसली होती. पण मग पुढं काय? एकच निकष ठरवून द्या आणि मोजा, न्या. सूटर आणि न्या. ब्रेयर तेच म्हणत होते, १८ डिसेंबरला इलेक्टर, म्हणजे ती राज्यवार मतं प्रत्यक्ष देणारे प्रतिनिधी, मत देणार होते, तोवर प्रयत्न तरी करू द्या. बहुमतातल्या पाच जणांनी सांगितलं की राज्यानं वाद मिटवायची मुदत १२ डिसेंबर, म्हणजे आजच, आता वेळ नाही.

वेळ नाही! अहो तीन दिवस मोजणी कुणी थांबवली होती?

माझं सगळं भांडण या एका जागेवर आहे. बुश जिंकले की गोर याच्याशी मला देणंघेणं नाही. कोर्टानं आधी स्टे दिला आणि मग त्या स्टेमध्ये गेलेला वेळ हेच मोजणी न करण्याचं कारण धरलं. खासबाग मैदानात पंचांनी रंगलेली कुस्ती मध्येच उभी करून ठेवली आणि नंतर वेळ संपली म्हणून हात वर केला, तर कोल्हापुरात काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको, आणि तो हात खरंच सरस पैलवानाचा असला तरी लोक नातवंडांना सांगत राहतील की त्या दिवशी कुस्ती झालीच नाही.

त्या ९ तारखेच्या स्टेच्या आदेशात दोन परिच्छेद आहेत, ते ज्युनिअर मुलांनी जरूर वाचावेत. न्या. स्कालिया लिहितात की वैधतेबद्दल शंका असलेली मतं मोजली तर बुश यांच्या विजयावर सावट येईल, ते न भरून येणारं नुकसान. आणि त्याच आदेशाला विरोध करताना न्या. स्टीव्हन्स लिहितात की मोजणी पुरी होऊ दिली नाही तर निवडणुकीच्या वैधतेवर सावट येणारच. दोघांना सावटाचीच काळजी. पंचवीस वर्षांनी कुणाचं खरं झालं ते आपण बघतोच आहोत.

आणखी एक गोष्ट मला वकील म्हणून फार लागते. निकालपत्रात लिहिलंय की हा विचार फक्त या प्रकरणातल्या परिस्थितीपुरताच. अहो, वरच्या कोर्टाचा निकाल म्हणजे उद्या खालच्या कोर्टात उभं राहिल्यावर आमच्या हातातला आधार. समानतेचं तत्त्व इतकं मोठं होतं की त्यावर देशाचा अध्यक्ष ठरला, तर मग पुढच्या निवडणुकीत साध्या मतदारानं ते मागायचं का नाही? याचं उत्तर मला मामांनीच काय, बार रूममधल्या कुणीही आजवर दिलेलं नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवून मला वाद जिंकायचा नाही. नंतर २००१ मध्ये मोठ्या वर्तमानपत्रांनी मिळून शिकागोच्या एका संशोधन संस्थेकडनं जवळपास पावणेदोन लाख वादातल्या मतपत्रिका तपासून घेतल्या. त्यातनं निघालं काय, तर थांबवलेली मोजणी पुरी झाली असती तरी बहुतेक बुशच पुढं राहिले असते. आणि राज्यभरच्या सगळ्या वादातल्या मतपत्रिका, म्हणजे दोन उमेदवारांना खुणा झाल्या म्हणून बाद केलेल्यासुद्धा, तपासल्या असत्या तर गोर अगदी थोडक्यात निघाले असते. गंमत अशी की गोर यांनी तशी मोजणी मागितलीच नव्हती, त्यांनी सुरुवातीला चारच काऊंटी मागितल्या, जिथं त्यांची मतं जास्त. ती गोर यांची मोठी चूक, माझं स्पष्ट मत. म्हणजे दोन्ही बाजूंना आयुष्यभर पुरेल एवढा दारूगोळा मिळाला आणि शेवटचा आकडा कुणाकडंच नाही.

भरीस भर म्हणजे राज्याचा गव्हर्नर बुश यांचा सख्खा भाऊ, आणि निकाल प्रमाणित करणाऱ्या कॅथरीन हॅरिस बुश यांच्याच फ्लोरिडातल्या प्रचार समितीच्या सहअध्यक्ष. देशभरात गोर यांना पाच लाखांवर जास्त मतं. अशा वेळी सामान्य माणूस काय म्हणणार? गोर यांचं मात्र मला कौतुक आहे, दुसऱ्या दिवशी टीव्हीवर येऊन सांगितलं की निकालाशी मी अजिबात सहमत नाही पण तो स्वीकारतो. मामा हेच वाक्य मला ऐकवतात, "बघ, हरलेल्यानं मानलं, तू का मानंनास?" मी म्हणते मामा, त्यानं स्वीकारलं हा त्याचा मोठेपणा, त्यानं निकाल बरोबर ठरत नाही. स्कालिया पुढं कित्येकदा लोकांना सांगत राहिले की आता ते सोडून द्या. पण त्याच बहुमतातल्या न्या. सँड्रा डे ओकॉनर २०१३ मध्ये म्हणाल्या की कदाचित कोर्टानं ही केस घ्यायलाच नको होती.

आपल्याकडं याबाबतीत घटना जास्त शहाणी आहे असं मला वाटतं. कलम ३२९ नं निवडणूक चालू असताना कोर्टाला मध्ये हात घालायला जवळजवळ बंदी, आधी मोजा, निकाल लावा, मग ज्याला तक्रार आहे त्यानं याचिका करा. विधानसभा लोकसभेची याचिका ४५ दिवसांत हायकोर्टात, ग्रामपंचायतीची १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशांपुढं. आणि कोर्टानं मनात आणलं तर काय होतं ते चंदीगडनं दाखवलं. २०२४ च्या महापौर निवडणुकीत ३६ मतं, त्यातली ८ पीठासीन अधिकाऱ्यानं बाद केली, सुप्रीम कोर्टानं त्या मतपत्रिका मागवल्या, कोर्टात बघितल्या, खुणा अधिकाऱ्यानंच केल्याचं उघड झालं, आठही मतं धरली आणि निकाल फिरवला. हरियाणातल्या पानिपत जिल्ह्यातल्या एका गावच्या सरपंचपदाचं तर ईव्हीएम थेट दिल्लीला नेऊन सुप्रीम कोर्टाच्या आवारात फेरमोजणी झाली, हरलेला म्हणून घरी बसलेला उमेदवार ५१ मतांनी निवडून आलेला निघाला. पूर्ण मोजणी झाली की सगळे गप्प बसतात असं मी म्हणत नाही, जॉर्जियात २०२० ची मतं तीनदा मोजली, एकदा तर हातानं, तरी न मानणारे आहेतच. पण त्यांच्यापुढं ठेवायला आकडा आहे. फ्लोरिडावाल्यांपुढं ठेवायला काही नाही.

आमचं दुखणं वेगळं, उशिराचं. त्या पानिपतच्या गावाची निवडणूक २०२२ ची आणि न्याय मिळाला २०२५ मध्ये. इंदिरा गांधींविरुद्धची राजनारायण यांची याचिका, निवडणूक १९७१ ची, अलाहाबाद हायकोर्टाच्या न्या. सिन्हांचा निकाल १२ जून १९७५ ला. कायदा म्हणतो सहा महिन्यांत याचिका निकाली काढायचा प्रयत्न करा, आणि आमच्याकडं तारखा पडत पडत सरपंचाची मुदत निम्मी होते. मामांना मी हे सांगितलं तेव्हा मात्र ते लगेच म्हणाले, "हे खरं बघ, कारखान्याच्या इलेक्शनला आम्ही हेच भोगलंय." इथं आमचं एकमत.

कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच यावं म्हणून कित्येक दशकं वकील आणि पक्षकार रस्त्यावर आले, उपोषणं झाली, कामकाज बंद ठेवलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते एकदाचं सुरू झालं. कोर्ट आपल्या दारात यावं म्हणून इतकी वर्षं भांडणारा जिल्हा दुसरा कुठला दाखवा, म्हणून "कोर्ट पण त्यांचंच" असं निकाल विरोधात गेलेलं कुणी बोललं की मला आतून लागतं. आता बार असोसिएशनच्या पुढच्या मीटिंगला मी लेखी मागणी देणार आहे की निवडणुकीच्या प्रकरणांना खालच्या कोर्टात आणि बेंचपुढं दोन्हीकडं ठराविक वार ठेवावा, आणि जिथं फेरमोजणीला सबळ कारण दिसतंय तिथं ती पहिल्या काही तारखांतच उरकून घ्यावी, साक्षीपुरावे नंतर. मसुदा तयार आहे, सह्या लागतील, ज्यांना पटतंय त्यांनी कोर्टाच्या दिवशी दुपारच्या सुट्टीत बार रूममध्ये गाठा.